अनोळखी लेकरांचं देणं

माझी लेक यंदा दहावीला आहे. सकाळ-संध्याकाळ एक बारीक गोळी घेते, बाकीचा दिवस चारचौघींसारखा. शाळा, क्लास, मैत्रिणींशी अबोला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गट्टी. तीन वर्षांची असताना या पोरीच्या कवटीला भोक पडलं होतं, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. त्यातून ती उठली. ज्यांच्या पुण्याईनं उठली त्यांतले थोडे माझ्या गल्लीतले, थोडे परळचे. बहुतेकांची मात्र तोंडंही मी पाहिलेली नाहीत. काही सातासमुद्रापलीकडचे, काही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, आणि कितीतरी जण स्वतःच लहान लेकरं होती. या सगळ्यांचं आम्ही देणं लागतो. ते फिटायचं नाही, पण कुणाकुणाचं आहे ते एकदा लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं.

२०१४ सालची गोष्ट. मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये कामाला होतो. दुचाकी गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, असलं पत्र्याचं काम. आकुर्डीत खंडोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर भाड्याच्या दोन खोल्या. आकुर्डी म्हटलं की बाहेरच्या माणसाला बजाजचा कारखाना आठवतो. त्या मोठ्या कारखान्यांच्या आधारानं या पट्ट्यात लहान लहान शेड उभ्या राहिल्या आणि त्यांत राबायला लातूर, बीड, सोलापूर, जळगावकडून माणसं आली. आम्ही त्यांतलेच. सख्खी माणसं गावाकडे, त्यामुळे अडीनडीला शेजारीच धावून येणार.

पोरीच्या डोक्यात आधी खवडे धरले. तेल झालं, शाम्पू झाला, मलमं झाली. मग कान वाहायला लागला. औषधाचे थेंब घातले की थांबायचा, चार दिवसांनी पुन्हा सुरू. मग उजव्या कानाच्या वर एक टेंगूळ आलं. खेळताना पडली असेल, असं सगळेच म्हणाले. पोरं पडतातच.

पाण्याची गोष्ट पहिल्यांदा ओळखली ती अंगणवाडीच्या ताईंनी. एका दुपारी मला थांबवून म्हणाल्या, "दादा, बाकीची पोरं खेळतात आणि तुमची छकुली माठापाशी बसून राहते. प्यालाभर पाणी पिते, बाहेर जाऊन येते, परत प्याला पुढं करते. उन्हाळ्याचं हे पाणी पिणं नाही. डॉक्टरांना हेच सांगा, कान-बिन नंतर." त्या ताई स्वतः शिकल्या दहावीपर्यंत. पन्नास पोरांची खिचडी, वजनं, रजिस्टरं सांभाळून त्यांनी एका पोरीचे पाण्याचे प्याले मोजले. आमच्यावरचं पहिलं देणं त्यांचं.

दुसरं आमच्या भागातल्या एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांचं. त्यांनी कान पाहिला, खवडे पाहिले, पाण्याचं ऐकून घेतलं आणि मग डोळे मिटून त्या टेंगळावर बोट फिरवलं. मध्यभागी हाताला हाड लागत नव्हतं. लघवीत साखर आहे का ते त्यांनी लगेच तपासायला लावलं. साखर नव्हती. मग कवटीचा एक्स-रे. फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडाला धरली आणि मला जवळ बोलावलं. पांढऱ्या हाडात एक काळा गोल, कडा अगदी साफ. नव्या डायवर पहिला पंच मारला की पत्र्याला जसं बिनबराचं भोक पडतं, तसं ते होतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "हा आजार मी शिकत असताना एकदाच पाहिला. माझं चुकलं तर फारच छान. पण बरोबर असेल तर वेळ घालवायचा नाही." चिठ्ठीवर त्यांनी एक लांबलचक नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

ते नाव होतं लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. दवाखान्यांतून त्याला एलसीएच म्हणतात.

पुण्यात त्या भोकाच्या कडेचा बारीक तुकडा काढला, मेणात बसवून त्याचा ब्लॉक केला आणि त्याचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सीडी१ए आणि लँगरिन ही दोन प्रथिनं पेशींवर दिसली, म्हणजे निदान पक्कं. पुढे एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा देठ जाड झालेला दिसला. मूत्रपिंडाला 'पाणी राखून ठेव' असा निरोप देणारं संप्रेरक तिथून सुटतं. तो निरोपच बंद पडल्यामुळे प्यालेलं पाणी अंगात थांबत नव्हतं. तिची तहान खरी होती.

हा आजार नेमका काय, हे मला तेव्हा ज्यांनी समजावलं त्यांच्याच भाषेत सांगतो. हिस्टिओसाइट या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या राखणदार पेशी. जन्म अस्थिमज्जेत, काम परक्या जंतूला ओळखून इतरांना खबर देण्याचं. त्यातल्या एका जातीच्या पेशींमध्ये बिघाड होतो आणि त्या भलत्या ठिकाणी गर्दी करून बसतात. जिथे बसतात तिथलं हाड खातात, कातडी सोलवटतात, ग्रंथी बंद पाडतात. कुणाच्या एकाच हाडात गाठ होते. ती कधी नुसती खरवडून निघते, कधी आपोआपही भरून येते. कुणाच्या मणक्यात होते आणि मणका चपटा होतो. कुणाच्या हाड, कातडी, कान, पिट्युटरी अशा अनेक ठिकाणी होते. सगळ्यांत जास्त भीती यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा धरली तर, आणि तसं बहुधा अगदी तान्ह्या मुलांत होतं. आमच्या पोरीचं हाड, कातडी आणि पिट्युटरी धरली होती. यकृत, प्लीहा, मज्जा सुटली होती.

"कॅन्सर आहे का?" हा गावाकडून येणारा पहिला प्रश्न. उपचार पुढे मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात झाले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी याचं सरळ उत्तर दिलं. पेशी बेताल वाढतात म्हणून शास्त्र आता याला त्याच कुळात धरतं, उपचार कॅन्सरचे डॉक्टर करतात, केमोथेरपीही लागते. पण नेहमीच्या कॅन्सरसारखाच हा वागतो असं नाही, आणि तुमच्या लेकीसारखी मुलं वाचतात. त्या शेवटच्या चार शब्दांवर आम्ही नवराबायकोंनी ते वर्ष काढलं.

हे चार शब्द बोलता येण्याआधी काय काय झालं होतं, ते मला सवडीनं कळत गेलं. वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरांना मी इंजेक्शन चालू असताना प्रश्न विचारायचो आणि ते कधी टाळायचे नाहीत. १८९३ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड हँड या डॉक्टरांनी तीन वर्षांच्या एका मुलाची हकिकत नोंदवली. डोळे पुढे आलेले, सारखी लघवी, कवटीचं हाड खाल्लेलं. हँडना तो क्षयरोग वाटला. त्या काळात दुसरं काय वाटणार? मूल वाचलं नाही. माझी लेक माठापाशी बसायची तेव्हा तीन वर्षांचीच होती. त्या मुलालाही अशीच तहान लागत असेल, त्याची आईही रात्री-अपरात्री उठून पाणी देत असेल. पुढे १९१५ मध्ये व्हिएन्नाच्या आर्तुर शूलर यांनी एक्स-रेवर कवटीतली तशीच भोकं दाखवली. बोस्टनच्या हेन्री ख्रिश्चन यांनी पाच वर्षांच्या एका मुलीत डोळे, हाड आणि तहान ही तिन्ही लक्षणं एकत्र मांडली. १९२४ मध्ये जर्मनीत एरिख लेटरर यांनी आणि १९३३ मध्ये स्वीडनच्या स्टुरे सिवे यांनी तान्ह्या मुलांना झपाट्यानं नेणारा आजार लिहून ठेवला. १९४०च्या सुमारास एकाच हाडातल्या गाठीचं तिसरं वर्णन आलं. प्रत्येकाला वाटलं, आपला आजार वेगळा. १९५३ साली लिश्टेनस्टाइन या विकृतिशास्त्रज्ञांनी तिन्हींच्या स्लाइड शेजारी शेजारी ठेवल्यासारख्या एकत्र पाहिल्या आणि सांगितलं की आजार एकच आहे, रूपं तीन आहेत. मूळ ठाऊक नव्हतं म्हणून नावापुढे 'एक्स' हे अक्षर लावलं.

आजच्या नावात जे लँगरहान्स आहेत, त्यांचा तर या आजाराशी काहीच संबंध आला नव्हता. १८६८ मध्ये बर्लिनला वैद्यकीचे विद्यार्थी असताना त्यांनी माणसाच्या कातडीत फांद्या फुटलेल्या एक प्रकारच्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूच्या असाव्यात असं मानलं. क्षयानं गाठलं म्हणून मदेरा बेटावर जाऊन राहिले आणि १८८८ मध्ये चाळिशीतच वारले. त्यानंतर शतकभरानं, १९८७ मध्ये, त्यांच्या त्या पेशींशी साम्य दिसलं म्हणून आजाराला त्यांचं नाव लागलं.

मी पत्र्याच्या कामातला माणूस. पण एवढं मला कळलं की या यादीतल्या प्रत्येक डॉक्टराच्या मागे एक-एक लेकरू आहे. डॉक्टरांची नावं पुस्तकात राहिली, लेकरांची नाहीत. फिलाडेल्फियाच्या त्या मुलाला क्षयरोग समजून का होईना कुणीतरी नीट तपासलं, लिहून ठेवलं, म्हणून आकुर्डीच्या एका दवाखान्यात बोट फिरवता फिरवता एका म्हाताऱ्या डॉक्टरांना संशय आला.

परळच्या टाटा रुग्णालयाची गोष्टही अशीच दुःखातून निघालेली आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या आणि त्यांच्या स्मरणार्थ टाटांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झालं. एका श्रीमंत घरातलं ते दुःख आज रोज हजारो गरिबांच्या उपयोगी पडतं. आमची फाईल तिथे निघाली तेव्हा रांगेत आमच्या पुढे बिहारचं कुटुंब होतं, मागे आसामचं. मुलांच्या विभागात सगळ्यांच्याच डोक्यावर केस नव्हते, त्यामुळे कुणाला कुणाचं नवल नव्हतं.

पहिल्या टप्प्यात दर आठवड्याला शिरेतून व्हिनब्लास्टिनचं इंजेक्शन आणि रोज स्टेरॉइडच्या गोळ्या. सहा आठवड्यांनी तपासणी. उतार पडला तर दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन आणि पाच दिवस गोळ्या. एकूण बारा महिने. पहिल्या टप्प्यात सारखं आकुर्डी-परळ करणं शक्य नव्हतं. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले. पण त्यांच्या नावानं चालणाऱ्या त्या छपराखाली टाटाच्या रुग्णांना आजही आसरा मिळतो आणि दोन वेळचं जेवण मिळतं. ज्या बाबांनी आयुष्यभर स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, त्यांच्या पुण्यावर माझी बायको-पोरगी निवांत झोपली. मी शनिवारी दुसरी पाळी संपवून जायचो आणि सोमवारी कामावर हजर व्हायचो.

व्हिनब्लास्टिनची सुई शिरेतच जावी लागते. बाहेर सांडलं तर कातडी जळते. स्टेरॉइडनं पोरीचे हात गुबगुबीत झाले होते आणि शीर सापडत नव्हती. एका सिस्टरांची मला फार आठवण येते. त्या कधीही घाई करायच्या नाहीत. पोरीचा हात कोमट पाण्यात धरायच्या, तिला गाणं म्हणायला लावायच्या, बोटानं चाचपत राहायच्या आणि एकदाच टोचायच्या. एवढ्या गर्दीत एका हातासाठी इतका वेळ देणं म्हणजे काय, हे कामाच्या माणसाला कळतं. सुई बाहेर काढल्यावर त्या एकदा म्हणाल्या, "दादा, हे औषध कशाचं आहे माहितीये? तुमच्या दारात असेल बघा. सदाफुली."

होतीच. घरमालकीण आजींनी तेलाच्या डब्यांत लावलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या सदाफुलीच्या रांगेतूनच आम्ही रोज ये-जा करायचो. पूजेला दुसरं फूल नसलं की ती तोडायची, एवढीच तिची किंमत. ही मूळची मादागास्करची वनस्पती. जगभर पसरली आणि ठिकठिकाणी साखरेच्या आजारावर तिचा काढा पिण्याची रीत पडली. १९५२ साली जमैकाहून एका ओळखीच्या डॉक्टरांनी कॅनडातल्या क्लार्क नोबल यांना तिची थोडी पानं पाकिटात घालून धाडली. क्लार्क यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत दिली. उंदरांची साखर काही उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानं कमी झाल्या. जे शोधत होते ते मिळालं नाही म्हणून त्यांनी पानं फेकून दिली नाहीत. रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांच्या साथीनं त्यातला अर्क वेगळा केला आणि १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगापुढे आलं. पानांत त्याचं प्रमाण इतकं कमी की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. आपल्या तमिळनाडूतही शेतकरी सदाफुली पिकवतात. पानं तोडणाऱ्या त्या बायांचंही देणं माझ्या यादीत आहे. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. औषध सदाफुलीतून आलं म्हणून पानं चावून खाऊ नयेत. झाड विषारी आहे. शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलं तरच ते औषध.

आकुर्डीतल्या माणसांनी काय केलं, ते सांगायला लागलं तर वही पुरणार नाही. पाणी थांबवणारं डेस्मोप्रेसिन तेव्हा आम्हाला नाकात सोडायच्या थेंबांच्या रूपात मिळालं होतं. ते थंड ठेवावं लागे आणि आमच्याकडे फ्रिज नव्हता. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा रिकामा केला. लिंबं, कोथिंबीर, लोणच्याची बाटली, सगळं खाली गेलं आणि तिथे एकटी ती बाटली राहिली. त्यांच्या पोरांना ताकीद होती, तो कप्पा ताईचा. रात्री दहाला आम्ही औषधासाठी दार वाजवायचो. ते दार उघडताना त्यांच्या कपाळावर एकदाही आठी दिसली नाही. पुढे गोळ्या मिळायला लागल्या, बाटलीची गरज संपली, तरी तो कप्पा त्यांनी कित्येक दिवस तसाच ठेवला होता.

कंपनीत आमची वीस जणांची भिशी होती. त्या महिन्याची उचल दुसऱ्याच्या नावावर निघाली होती. त्याच्या घरी बहिणीचं लग्न. चहाच्या सुट्टीत तो माझ्या मशीनपाशी आला, पाकीट बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "लग्न दिवाळीनंतर आहे. तुझी पाळी आली की मला दे." बाकीच्या अठरा जणांनी मान डोलावली. पाळ्या बदलून घेण्याचा तर हिशेबच नाही. माझ्या पहिल्या पाळीला दुसरा उभा राहिला की तो स्वतःची दुसरी पाळी संपवून सलग सोळा तास प्रेसवर असायचा. प्रेसवर सोळा तास म्हणजे बोटं पणाला लावणं, हे काम केलेल्यालाच समजेल.

जूनमध्ये तुकोबांची पालखी आली. देहूहून निघालेल्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. पहाटे ती पुण्याकडे निघते तेव्हा जुना मुंबई-पुणे रस्ता माणसांनी भरून जातो. नेमकं त्याच सकाळी आम्हाला परळ गाठायचं होतं. चिंचवडला सिंहगड एक्स्प्रेस धरायची तर रस्ता बंद, आणि पोरीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, तिला गर्दीत नेणं धोक्याचं. आमच्या गल्लीतला एक वारकरी, दरवर्षी पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणारा, त्या पहाटे मोटरसायकल काढून दारात उभा राहिला. मागच्या वस्त्यांमधून, रेल्वेलाईनच्या कडेनं त्यानं मायलेकींना गाडीपर्यंत पोचवलं. दिंडी पुढे गेली होती. "गाठतो मी तिला पुण्यात," म्हणाला, "माऊली थांबेल."

सहा महिने झाले तेव्हा पोरगी खेळायला लागली होती. खवडे गेले, कान सुकला, कवटीचं भोक कडेनं भरून येत होतं. माझी मात्र ओढाताण संपत नव्हती. मी मॅडमना विचारलं, आता सगळं चांगलं दिसतंय तर इंजेक्शन थांबवता येतील का? त्यांनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन आकडे लिहिले. ५४ आणि ३७.

म्हणाल्या, जगभरातल्या या आजाराच्या डॉक्टरांची एक संघटना आहे, हिस्टिओसाइट सोसायटी. तिनं २००१ पासून काही वर्षं निरनिराळ्या देशांतल्या मुलांवर उपचाराचा तिसरा मोठा अभ्यास केला. तुमच्या लेकीसारखी, अनेक ठिकाणी आजार पण यकृत-मज्जा सुटलेली मुलं घेतली. औषधं हीच. निम्म्यांना सहा महिने, निम्म्यांना बारा. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं, कारण कशानं भलं होईल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१३ मध्ये निकाल छापून आला. मुलं दोन्हीकडची वाचली, शंभरात नव्व्याण्णवहून जास्त. पण पाच वर्षांत आजार पुन्हा उलटला तो सहा महिनेवाल्यांत शंभरातल्या ५४ मुलांवर आणि बारा महिनेवाल्यांत ३७ मुलांवर. "तुम्ही ज्या सहा महिन्यांबद्दल विचारताय ना," त्या म्हणाल्या, "ते आम्हाला त्या मुलांनी शिकवलंय."

मी तो कागद मागून घेतला. तो आजही तिच्या फाईलमध्ये आहे. निकाल छापून आला २०१३ मध्ये आणि माझी लेक आजारी पडली २०१४ मध्ये. ज्यांच्या वाट्याला सहा महिने आले आणि ज्यांचा आजार उलटला, त्यांना पुन्हा हाडाचं दुखणं, पुन्हा सुया, कुणाला पिट्युटरीचं कायमचं नुकसान. त्यांच्या आईबापांनी परक्या भाषेतल्या कागदावर सही केली तेव्हा आकुर्डी नावाचं गाव आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या पोरीला मिळालेले शेवटचे सहा महिने त्यांच्या कष्टांतून आले. मी पुन्हा कधी थांबवण्याबद्दल विचारलं नाही. वर्ष पूर्ण केलं. आजार उलटला नाही. पिट्युटरीचं जे गेलं ते गेलं, म्हणून ती गोळी जन्माची. कवटीवर आता हात फिरवला तर काही कळतही नाही.

शेवटच्या महिन्यात आमच्यापुढे एक कागद आला. तिच्या तुकड्याचा जो मेणातला ब्लॉक होता, त्यातलं उरलेलं पुढे संशोधनासाठी वापरायला संमती आहे का? बायकोनं कागद वाचून घेतला आणि माझ्याआधी सही केली. त्या शिकाऊ डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशाच जपून ठेवलेल्या जुन्या ६१ नमुन्यांत शोध घेतला, तेव्हा ३५ नमुन्यांत बीआरएएफ नावाच्या जनुकात एकच ठरावीक बदल सापडला. ज्या मुळाच्या जागी पूर्वी 'एक्स' लिहावं लागलं होतं, त्याचा पहिला ठोस धागा तिथे हाती लागला. त्या बदलावर नेम धरणारी औषधं आता आहेत आणि जिथे इंजेक्शनांना आजार दाद देत नाही तिथे ती वापरली जातात. त्या ६१ तुकड्यांतली काही माणसं केव्हाच जग सोडून गेली असतील. मेणाच्या त्या ठोकळ्यांतून त्यांनी हे देऊन ठेवलं. आपल्याकडे ऋषिऋण मानतात, ज्यांनी ज्ञान दिलं त्यांचं. माझ्या लेखी या ऋषींत तान्ही मुलंही आहेत.

हिस्टिओसाइट सोसायटीचा चौथा अभ्यास बारा महिन्यांऐवजी चोवीस महिने उपचार दिले तर काय होतं, याचा आहे. त्यातल्या मुलांच्या अंगावरून जे शिकायला मिळेल ते आणखी कुणाच्या तरी केसपेपरच्या मागे दोन आकड्यांत लिहिलं जाईल.

हा आजार वर्षाला दर दहा लाख मुलांत साधारण चार-पाच जणांना होतो. २०११च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती. त्यातली मुलं धरून हिशेब केला तर अख्ख्या शहरात वर्षाला दोनेक मुलं येतात. म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरांना आयुष्यात एखाद्या वेळीच हे दिसणार, आणि आईबापांनी तर नावही ऐकलेलं नसणार. म्हणून अंगणवाडीच्या ताईंच्या बैठकीत मला बोलावतात तेव्हा मी जातो आणि एवढंच सांगतो. डोक्यातले खवडे औषधाला दाद देत नसतील, कान पुन्हा पुन्हा वाहत असेल, न पडता टेंगूळ आलं असेल, हाड दुखत असेल, दात आपोआप हलत असतील, मूल रात्री उठून उठून पाणी मागत असेल, तर यातल्या प्रत्येकाचं कारण बहुतेक वेळा साधंच असतं. पण दोन-तीन गोष्टी एकाच मुलात एकत्र दिसल्या तर त्या एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. वेगवेगळ्या दारांत वेगवेगळ्या सांगितल्या तर कुणालाच जोड लागत नाही.

या पट्ट्यातलं कुणी परळला निघालं की मला निरोप येतो. फाईल कशी काढायची, ब्लॉक आणि स्लाइड सोबत न्यायच्या, धर्मशाळेत कुणाला भेटायचं, हे मी सांगतो. पहिल्यांदा जाताना शक्यतो बरोबर जातो. भिशीतला तो मित्र आजही अशा घरासाठी पहिली वर्गणी काढतो. लेक अठरा वर्षांची झाली की तिच्या नमुन्याबद्दल काय करायचं ते तिचं तिनं ठरवायचं आहे. तिला मी सगळं सांगितलं आहे, त्या दोन आकड्यांसकट.

ज्या मुलांचं आम्ही देणं लागतो त्यांतली काही नाहीत, काही मोठी होऊन जगाच्या पाठीवर कुठेतरी सुखानं राहत असतील. त्यांचा पत्ता मला सापडणार नाही. पुढच्या लेकराचा पत्ता मात्र सापडू शकतो. ते भोसरीत असेल, चिखलीत असेल, चाकणच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत असेल, आणि आता या घटकेला त्याची आई त्याला पुन्हा पाणी देत असेल. त्याच्यापर्यंत लवकर पोचणं हे काम मी माझं मानलं आहे.